नागपूरच्या हवेत टिकणारे जेवणाचे लाकडी टेबल घरच्या घरी कसे तयार करावे

जेवणाचे टेबल घरच्या घरी तयार करणे हे हौशी माणसाच्या आवाक्यातले काम आहे. चार पाय, त्यांना जोडणारी आडव्या पट्ट्यांची चौकट आणि वरचा फळा एवढीच त्याची रचना असते, आणि त्यासाठी लागणारी हत्यारेही फारशी नसतात. तरीही हौसेने केलेली कितीतरी टेबले दोन-तीन उन्हाळ्यांत फळ्याला लांबच लांब भेग पडून किंवा फळा पन्हळीसारखा वाकून खराब होतात. अशा वेळी दोष लाकडाला किंवा फेव्हिकॉलला दिला जातो. पण बहुतेक वेळा खरे कारण असे असते की, फळा चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने जखडलेला असतो आणि लाकडाला हलायला जागाच ठेवलेली नसते.

नागपुरात ही जागा ठेवणे विशेष गरजेचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. तीच आर्द्रता जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे फुगते व आक्रसते. हा बदल लांबीच्या दिशेने जवळजवळ नसतोच, तो रुंदीच्या दिशेने होतो. सागवान हे कमी हलणारे लाकूड समजले जाते, पण त्याचाही ३ फूट रुंदीचा फळा भर उन्हाळा आणि भर पावसाळा यांच्यामध्ये ८ ते १० मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकतो. एवढ्या हालचालीला स्क्रूने अडवले, तर स्क्रू हटत नाही, लाकूड फाटते.

त्यात आपल्याकडे कूलर असतो. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, पण कूलरच्या झोतात येणाऱ्या भागाला ओलसर हवा लागत राहते. जेवणाचे टेबल अगदी कूलरसमोर असेल, तर फळ्याचे एक टोक दमट हवेत आणि दुसरे कोरड्या हवेत, असा प्रकार महिनोन्‌महिने चालतो. म्हणून टेबल कुठे ठेवायचे हे त्याची मापे घेण्याआधीच ठरवावे आणि कूलरचा झोत थेट फळ्यावर येणार नाही अशी जागा निवडावी. टेबलाच्या चारही बाजूंना भिंत किंवा कपाट यांपासून किमान अडीच फूट जागा सुटली पाहिजे, म्हणजे खुर्ची मागे सरकवून माणसाला उठता येते.

मापे

सहा माणसांच्या टेबलासाठी ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद फळा पुरेसा होतो. पुढील सर्व मापे या आकारासाठी आहेत. माणशी साधारण २ फूट रुंदी धरली, तर लांब बाजूंना दोघे-दोघे आणि टोकांना एकेक जण ऐसपैस बसतो. टेबलाची एकूण उंची ३० इंच ठेवावी. खुर्चीची बैठक बहुधा १८ इंचांवर असते, त्यामुळे चौकटीच्या पट्टीची खालची कड जमिनीपासून किमान २५ इंचांवर असली पाहिजे, नाहीतर मांड्या पट्टीला घासतात. घरातल्या खुर्च्या आधीच घेतलेल्या असतील, तर त्यांच्या बैठकीची आणि हातांची उंची प्रत्यक्ष मोजावी. हात असलेल्या खुर्च्या टेबलाखाली सरकत नाहीत हे नंतर लक्षात आल्यास काही उपाय उरत नाही.

तयार मापे अशी धरावीत: फळा ६० इंच लांब, ३६ इंच रुंद आणि १ इंच जाड, पाय पावणेतीन इंच चौरस आणि २९ इंच उंच, आडव्या पट्ट्या साडेतीन इंच रुंद आणि १ इंच जाड. फळा चौकटीच्या बाहेर टोकांकडे ४ इंच आणि लांब बाजूंना ३ इंच येऊ द्यावा. म्हणजे चौकटीचे बाहेरचे माप ५२ बाय ३० इंच होते, लांब बाजूच्या दोन पायांमध्ये साडेशेहेचाळीस इंच आणि आखूड बाजूच्या दोन पायांमध्ये साडेचोवीस इंच मोकळे अंतर राहते. पट्टीच्या प्रत्येक टोकाला सव्वा इंचाचे कुसू (पायातल्या खाचेत बसणारे, तासून बारीक केलेले टोक) असेल, म्हणून लांब पट्ट्यांची एकूण लांबी ४९ इंच आणि आखूड पट्ट्यांची २७ इंच धरावी. याखेरीज दोन लांब पट्ट्यांच्या मधोमध एक आडपट्टी घालावी. फळ्याला मध्ये आधार मिळतो आणि चौकटही ताठ राहते.

लाकूड

लाकडासाठी नागपूरकराला लांब जावे लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान बल्लारपूर आणि आलापल्लीच्या नावाने देशभर ओळखले जाते. व्यापारात आजही त्याला सीपी टीक म्हणतात, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग. दिल्लीतील नव्या संसद भवनासाठी नागपूरहूनच सागवान गेले आणि अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांनाही बल्लारपूरचे लाकूड लागले. हा लौकिक उगाच नाही. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ओलाव्याने होणारा बदलही इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी असतो. वनखात्याच्या डेपोंतले लिलाव लाकडांच्या मोठ्या ढिगांचे असतात. एका टेबलापुरते लाकूड घेणाऱ्याने लकडगंज गाठावे. तेथे लाकूडही मिळते आणि आरामशीनवर हव्या त्या जाडीच्या फळ्याही चिरून मिळतात.

लाकडाचा भाव घनफुटावर असतो. इंचांतील रुंदी, इंचांतील जाडी आणि फुटांतील लांबी यांचा गुणाकार करून त्याला १४४ ने भागले की घनफूट निघतात. हा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी स्वतः करून ठेवावा. रंधा मारून आणि टोके कापून काही लाकूड कमी होते, म्हणून खरेदीची मापे तयार मापांपेक्षा मोठी घ्यावी लागतात. फळ्यासाठी साडेसहा इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि सव्वापाच फूट लांब अशा सहा फळ्या. पायांसाठी ३ इंच चौरस आणि अडीच फूट लांब चार तुकडे. पट्ट्यांसाठी ४ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड चिरान. या सर्वांचे मिळून सुमारे २.९ घनफूट होतात. गाठी, फाटलेली टोके आणि टाकावा लागणारा पांढरा भाग लक्षात घेऊन साडेतीन घनफूट लाकूड घ्यावे.

पांढऱ्या भागाबद्दल कुठलीही तडजोड करू नये. सागाचा तपकिरी-सोनेरी गाभा टिकाऊ असतो, पण त्याच्याभोवतीच्या पांढरट थराला कीड हमखास लागते. बाजारात परदेशातील लागवडीचा, कमी वयाचा सागही भरपूर येतो. तो वाईट असतो असे नाही, पण त्यात पांढरा भाग जास्त निघतो आणि तो पॉलिशखाली रंग देऊन सहज लपवता येतो, म्हणून प्रत्येक फळी चारही बाजूंनी पाहूनच घ्यावी. फळीच्या टोकाकडील वर्तुळांच्या रेघाही पाहाव्यात. त्या रेघा फळीच्या जाडीच्या दिशेने उभ्या असतील तर ती फळी कमी हलते आणि सपाट राहते. रेघा कमानीसारख्या आडव्या असतील तर ती वाकण्याची शक्यता अधिक असते. सगळ्याच फळ्या उभ्या रेघांच्या मिळणार नाहीत, पण निवडीला वाव असेल तेव्हा हाच निकष लावावा. खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि जपून ठेवावे, कारण साग हे वनखात्याच्या नियमांत येणारे लाकूड आहे.

माझ्या मते नवीन सागापेक्षाही जुने, उतरवलेले सागवान अधिक चांगले. महाल आणि इतवारी भागांतील जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया आणि चौकटी विक्रीला येतात. हे लाकूड कित्येक दशके नागपूरच्याच हवेत मुरलेले असते, त्यामुळे त्याचा जो काही वाक-पीळ व्हायचा तो होऊन गेलेला असतो. मात्र त्यात खिळे असतात. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून एकूण एक खिळा काढावा. एक राहिलेला खिळा आरामशीनचे पाते तोडू शकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला इजा करू शकतो.

साग परवडत नसेल, तर शिवण हे हलके आणि फारसे न हलणारे लाकूड आहे, पण ते मऊ असल्याने त्यावर लवकर खाचा पडतात. बीजा मजबूत असते, मात्र ओले झाले की त्यातून रंग सुटतो. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, म्हणून जेवणाच्या टेबलाला ते घेऊ नये. पहिल्यांदाच हत्यार हाती धरणाऱ्याने पाइनवर सराव करायला हरकत नाही.

लाकूड घरी आणल्यावर लगेच कापायला घेऊ नये. ज्या खोलीत टेबल राहणार आहे त्याच खोलीत ते भिंतीपासून दूर, जमिनीवर पट्ट्या ठेवून रचावे. प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत ठेवाव्यात, म्हणजे चहूबाजूंनी हवा खेळते आणि फळ्या वाकत नाहीत. असे किमान दोन-तीन आठवडे राहू द्यावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळाले तर उत्तम; ८ ते १२ टक्के ओलावा असल्यास काम सुरू करावे. कामाचा हंगाम निवडता येत असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे आहेत. तेव्हा लाकूड फार फुगलेलेही नसते आणि फार आक्रसलेलेही नसते, आणि फेव्हिकॉल व पॉलिश दोन्ही नीट वाळतात.

हत्यारे

पोलादी मोजपट्टी, गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखायचे हत्यार), बारीक दातांची करवत, हाताचा रंधा, ३ सुतांची आणि ६ सुतांची पटाशी (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), लाकडी हातोडा, ड्रिल मशीन आणि क्लॅम्प (लाकूड आवळून धरायचे शिकंजे) एवढे पुरते. पटाशी आणि रंध्याचे पाते धार लावून आणले नसेल, तर बाकी सगळे व्यर्थ आहे. दगडावर पाणी टाकून धार लावायला शिकणे हा या कामाचाच भाग आहे. कापताना आणि घासताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला एन-९५ मास्क लावावा, कारण सागाची भुकटी घशाला आणि कातडीला त्रास देते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फळ्या आणि पाय मशीनवर रंधून, जाडीत सारखे करूनच घरी आणावेत. लकडगंजात आरामशीनच्या आसपास ही सोय असते आणि त्याने घरातला आवाज, भुसा व कष्ट तिन्ही वाचतात.

वरचा फळा

सहा फळ्या जमिनीवर शेजारी-शेजारी मांडाव्यात आणि रंग व रेघा एकमेकींत मिसळतील अशा रीतीने त्यांची उलटापालट करून पाहावी. या मांडणीला घाई करू नये. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात ती वेगळी दिसते. क्रम ठरला की सगळ्या फळ्यांवरून खडूने एक मोठा त्रिकोण काढावा, म्हणजे कोणती फळी कुठली आणि तिची वरची बाजू कोणती हे पुढे केव्हाही कळते.

आता फळ्यांच्या कडा जुळवायच्या. सगळ्या कामातली ही सर्वांत बारकाईची पायरी आहे. शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटावे तशा एकमेकींवर मिटाव्यात, त्यांच्या जुळणाऱ्या कडा वर एका पातळीत आणाव्यात आणि दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये धरून एकाच वेळी रंधा मारावा. रंधा थोडा तिरका चालला, तरी एका कडेचा तिरकेपणा दुसऱ्या कडेच्या उलट असतो, त्यामुळे फळ्या उघडून समोरासमोर आणल्या की दोन्ही मिळून सपाटच बसतात. कडेच्या मधल्या भागात कागदाच्या जाडीइतका खोलगटपणा ठेवावा. एक फळी दुसरीवर उभी ठेवून मागे दिवा धरला, तर टोकांकडे अजिबात उजेड दिसू नये आणि मध्यावर प्रकाशाची केसाएवढी रेघ दिसावी. क्लॅम्प आवळला की ही रेघ बंद होते आणि टोकांवर दाब राहतो. फळीची टोके सर्वांत आधी वाळतात आणि जोड उघडायला लागतो तो टोकांकडूनच, म्हणून हा दाब तेथे हवा असतो.

चिकटवण्याआधी सगळे कोरडेच जुळवून, क्लॅम्प लावून पाहावे. सागात तेल असल्यामुळे कडा थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसाव्यात, त्या सुकताच जोडकाम सुरू करावे, आणि रंधा मारल्यावर हे काम शक्यतो त्याच दिवशी करावे. पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीन किंवा त्याच प्रकारचा दुसरा गोंद दोन्ही कडांना पातळ आणि सलग लावावा. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून-पालटून लावावेत. सगळे एकाच बाजूने लावले तर फळा त्या बाजूला वाकतो. मोठे क्लॅम्प नसतील, तर दोन जाड लाकडी पट्ट्यांच्या टोकांना ठोकळे घट्ट बसवून त्यांच्यामध्ये फळा ठेवावा आणि उरलेल्या फटीत पाचरांची जोडी समोरासमोरून ठोकावी. असे चार-पाच सांगाडे सहज करता येतात आणि दाबही भरपूर मिळतो. फळ्या जेथे पट्ट्यांना टेकतात तेथे प्लास्टिकचा कागद घालावा. जोडावर गोंदाचे बारीक मणी सारखे उमटले की दाब पुरेसा आहे असे समजावे. त्याहून जास्त आवळले तर सगळाच गोंद बाहेर पडून जोड कोरडा राहतो.

उन्हाळ्यात हे काम करायची वेळ आलीच, तर ते पहाटे उरकावे आणि एका वेळी दोनच फळ्या जोडाव्यात. तीन जोड्या आधी, मग त्या तिन्ही एकत्र. दुपारच्या उष्णतेत गोंद पसरता-पसरता त्यावर साय धरते, आणि साय धरलेला जोड वरून घट्ट दिसला तरी आतून पोकळ असतो. क्लॅम्प एक रात्र तसेच ठेवावेत आणि पूर्ण २४ तास होईपर्यंत फळ्याला रंधा लावू नये.

चौकट

पट्टी आणि पाय यांचा जोड कुसू आणि खाच यांचाच करावा. नुसते स्क्रू किंवा लोखंडी कोन लावलेले टेबल काही दिवसांनी डुलायला लागते, कारण जेवताना प्रत्येक जण टेबलावर हात टेकून उठतो आणि तो सगळा आडवा ताण याच आठ जोडांवर येतो.

पायाची बाहेरची बाजू आणि पट्टीची बाहेरची बाजू यांच्यात एक सुताचा फरक ठेवला, तर कामातील बारीक-सारीक कमी-जास्तपणा दिसत नाही आणि ती पायरी सुंदरही वाटते. कुसू ३ सूत जाड ठेवावे, म्हणजे पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा. त्याची रुंदी पावणेतीन इंच घ्यावी. पट्टीच्या वरच्या कडेपासून अर्धा इंच आणि खालच्या कडेपासून पाव इंच सोडावे. वरचा अर्धा इंच सोडला नाही, तर पायाच्या माथ्याशी खाच उघडी पडते आणि ठोकताना पाय चिरतो. याच कारणासाठी पाय सुरुवातीला अर्धा-पाऊण इंच लांबच ठेवावेत आणि खाचा पूर्ण झाल्यावर जादा भाग कापावा. मात्र खाचांची मापे पायाच्या अंतिम माथ्याच्या रेषेपासूनच घ्यावीत.

आधी खाच, मग कुसू हा क्रम पाळावा, कारण कुसू तासून कमी करता येते, खाच कमी करता येत नाही. मार्किंग गेजने खाचेच्या दोन्ही कडा आखून ३ सुतांच्या बिटने शेजारी-शेजारी भोके पाडावीत. बिटला सव्वा इंचाच्या थोडे पुढे टेप गुंडाळला की खोली आपोआप कळते. नंतर पटाशीने भिंती साफ कराव्यात. पावणेतीन इंचांच्या पायात शेजारशेजारच्या दोन बाजूंच्या खाचा एकमेकींना भिडत नाहीत. बारीक पाय घेतले तर त्या आत भिडतात आणि मग कुसवांची टोके ४५ अंशांत कापावी लागतात. कुसू कापताना करवत रेषेच्या बाहेरच्या अंगाने चालवावी आणि शेवटचा थर पटाशीने काढावा. हाताने दाबल्यावर ते अर्धे आत जावे आणि उरलेले हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी बसावे, हे योग्य माप. एकाच दणक्यात बसवावे लागत असेल तर पाय फाटेल. हात सोडताच निसटून येत असेल तर त्याच लाकडाची पातळ चीप कुसवाला चिकटवून ते पुन्हा तासावे.

चौकट चिकटवताना प्रथम आखूड बाजूंच्या दोन जोड्या कराव्यात आणि त्या वाळल्यावर लांब पट्ट्या व मधली आडपट्टी जोडून उभी करावी. क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून ते सारखे होईपर्यंत हळूहळू ओढावे. हे सगळे सपाट जमिनीवर करावे. पायांच्या तळाला पॉलिशचे चार-पाच हात द्यावेत आणि नायलॉनची टोपणे बसवावीत. रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवरील पाणी पायाच्या तळातूनच सर्वांत जास्त वर चढते.

फळा चौकटीवर बसवणे

हालचालीची जागा ठेवायची ती येथे. फळा चौकटीला चिकटवू नये आणि पट्ट्यांमधून थेट स्क्रूही मारू नयेत. त्याऐवजी लाकडी बटणे वापरावीत. बटण म्हणजे १ इंच रुंद, २ इंच लांब आणि पाऊण इंच जाड असा ठोकळा, ज्याच्या एका टोकाला पाव इंच जाड आणि अर्धा इंच लांब जीभ काढलेली असते. लाकडाच्या रेघा जिभेच्या लांबीच्या दिशेने असाव्यात, आडव्या असल्या तर जीभ तुटते. ही जीभ पट्टीच्या आतल्या अंगावर कोरलेल्या अर्धा इंच खोल खाचेत बसते आणि बटण सव्वा इंची स्क्रूने फळ्याच्या खालच्या बाजूला आवळले जाते. खाचेची वरची कड पट्टीच्या माथ्यापासून अर्धा इंच खाली ठेवावी आणि बटणाच्या माथ्यापासून जिभेपर्यंतचे अंतर त्याहून १ मिलिमीटर कमी ठेवावे, म्हणजे स्क्रू आवळताच फळा चौकटीवर घट्ट ओढला जातो, पण आडवा सरकण्यास मोकळा राहतो.

आखूड पट्ट्यांवर प्रत्येकी तीन बटणे द्यावीत. त्यांतील मधल्या बटणाची खाच बटणाइतकीच रुंद असावी, म्हणजे फळ्याचा मध्य जागेवरून हलत नाही आणि फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. कडेच्या दोन बटणांच्या खाचा २ इंच लांब ठेवाव्यात, त्यांतून बटणे डावी-उजवीकडे सरकतात. लांब पट्ट्यांवरही तीन-तीन बटणे द्यावीत, पण तेथे फळा पट्टीच्या दिशेने किंवा तिच्यापासून दूर सरकतो. म्हणून बटणाचा खांदा (जिभेच्या मुळाशी पट्टीकडे तोंड असलेली उभी बाजू) आणि पट्टी यांच्यामध्ये फट ठेवावी, आणि ती किती हे ऋतूवर ठरवावे. एप्रिल-मेमध्ये फळा पूर्ण आक्रसलेला असतो आणि पुढे फुगणारच असतो, म्हणून ५ ते ६ मिलिमीटर फट सोडावी. पावसाळ्यात तो आधीच फुगलेला असतो, तेव्हा १ मिलिमीटर पुरे. हिवाळ्यात ३ मिलिमीटर ठेवावे. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे आणि बिटला टेप लावून ते फळ्याच्या आरपार जाणार नाही याची खात्री करावी.

फळ्याखाली आडव्या पट्ट्या ठोकून तो सरळ ठेवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती याच कारणाने चुकीची आहे. आधार द्यायचाच असेल, तर त्या पट्टीत भोकांऐवजी लांबट खाचा पाडून वॉशरसह स्क्रू लावावेत.

पॉलिश

फळा आधी ८०, मग १२० आणि शेवटी १८० नंबरच्या पेपरने रेघांच्या दिशेनेच घासावा. मधला नंबर गाळला तर आधीच्या पेपरचे ओरखडे पॉलिशखाली ठळक दिसतात. कडा हाताला टोचणार नाहीत इतक्या गोल कराव्यात.

लाखेचे फ्रेंच पॉलिश दिसायला देखणे असते, पण गरम पातेले ठेवले की त्यावर पांढरे वर्तूळ उमटते, म्हणून जेवणाच्या टेबलाला ते योग्य नाही. आपल्या ताटातील हळद, तर्री आणि वरणाचे ओघळ यांना तोंड देईल असे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच घ्यावे. ते दोन डब्यांत येते आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळावे लागते. त्यातील हार्डनरची (पॉलिश कडक करणाऱ्या द्रव्याची) वाफ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवून आणि रसायनांच्या वाफेसाठी असलेला मास्क लावूनच काम करावे; धुळीचा साधा मास्क येथे उपयोगाचा नाही. स्वयंपाकघरातील गॅस आणि देवघरातील दिवा त्या वेळी बंद असावा. पावसाळी दमट हवेत पीयू लावू नये, त्यात बुडबुडे येतात आणि चमक मंदावते.

वरच्या बाजूला जितके हात द्याल तितकेच खालच्या बाजूलाही द्यावेत. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून ती कोरी ठेवली, तर ती बाजू ओलावा झपाट्याने घेते-सोडते, वरची बाजू सावकाश, आणि फळा वाकतो. फळ्याच्या दोन्ही टोकांना एक हात जास्तच द्यावा.

ज्यांना चमक नको, त्यांनी तेल द्यायला हरकत नाही. विदर्भात मिळणारे कच्चे जवसाचे तेल मात्र वाळायला बरेच दिवस घेते, म्हणून लाकडासाठी तयार केलेले, लवकर वाळणारे तेल आणावे. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कधीही टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका अधिकच वाढतो. अशी फडकी बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावीत.

शेवटचा हात दिल्यावर टेबल आठवडाभर तरी वापरू नये. पीयू हाताला कोरडे लागले तरी आतून पक्के व्हायला वेळ घेते. पहिल्या वर्षी मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत टेबलाखाली वाकून बटणे तपासावीत. ऑगस्टमध्ये एखाद्या बटणाचा खांदा लांब पट्टीला दाबून बसलेला दिसला, तर स्क्रू काढून खांदा आणि जिभेचे टोक दोन्ही २ मिलिमीटर तासावेत आणि बटण त्याच भोकात पुन्हा बसवावे. मेमध्ये एखादी जीभ खाचेतून बाहेर यायला आलेली दिसली, तर ते बटण बदलून लांब जिभेचे दुसरे करावे आणि खाचही तितकी खोल करावी.